नाल्याकडचा कोपरा

कळंब
१४ ऑक्टोबर २०२४

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. हल्ली पोस्टमन दारात दिसला की माणसं आधी कोर्टाची नोटीस समजतात आणि मग तेरवी कोणाची ते विचारतात. हे दोन्ही नाही. हा तुझा जेठ, प्रेमचा थोरला चुलतभाऊ, इंद्रजीत.

आपल्या तांड्याच्या रीतीप्रमाणे मी समोर आलो की तू पदर तोंडावर ओढतेस आणि बोलत नाहीस. प्रेमशी तुझं लग्न झालं तेव्हापासून आजवर मी तुझा आवाज ऐकलेला नाही. तू खोकतेस कशी, एवढंच ठाऊक. फोनवरचं बोलणं हेही बोलणंच, असा तांड्याच्या प्रमुखाचा, नायकाचा, निवाडा आहे. पण टपालाविषयी पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. बैलांच्या पाठीवर मीठ लादून देश तुडवणाऱ्यांना पोस्टमन कसा सुचावा? संस्कृत शिकल्याचा हा एकच फायदा मला आयुष्यात झाला: नियम नेमका कुठं संपतो, तिथं बोट ठेवता येतं.

कारण असं की परवा चिंतामणीच्या देवळापुढं बाबाराव व्यापारी भेटला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणाला, मारेगावकडची एक बाई अख्खा कळप विकायला काढते आहे, नवरा वारला तिचा, जनावर मात्र असं की पाहत राहावं. मी नुसता 'हं' म्हणालो. चुलतभावाची डुकरं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली.

प्रेमनं ती डुकरं आणली तेव्हा तांडा थुंकला, मानीकाकीनं आपल्या चुलीचं दार त्याला बंद केलं, पोटच्या पोराशी बोलणं टाकलं. तो तांड्याबाहेर, नाल्याअलीकडं शेड बांधून तुला घेऊन राहिला आणि मजेत राहिला. तो गेल्यावर तू सहा महिने एकटीनं सगळं रेटलंस. मग आताच काय झालं? काम झेपत नसेल तर तसं लिही. तांडा छळत असेल तर तसं लिही. मी येऊन चार श्लोक म्हणेन, लोक आपोआप पांगतात.

तुझा,
इंद्रजीतदादा


तांडा, मारेगाव
२१ ऑक्टोबर २०२४

आदरणीय दादा,
नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं सासूबाईच्या, म्हणजे आमच्या याडीच्या घरी देलं. याडीनं ते नाल्याच्या काठावर दगडाखाली ठेवून देलं. इकडं पाय ठेवत नाहीत, पण नाल्यापर्यंत येतात. मी उचललं तेव्हा त्या पाठमोऱ्या चालल्या होत्या.

डुकरं विकून राह्यली हे खरं आहे. काम झेपते. तांड्याची सवय झाली. याडी येताजाता म्हणतात, "डुकरायनं खाल्लं माह्यं लेकरू." त्याचीबी सवय झाली. त्यांचं अगदीच खोटं तरी कसं म्हणू? हे मारेगावच्या ढाब्यावरून डुकरांसाठी उष्टं आणायलेच गेलते, अन् रस्त्यात जीपनं उडवलं. पण विकायचं कारण वेगळं आहे. मले भेव लागून राह्यलं.

दिवस बुडाला की सगळी डुकरं उठतात. चिखलात लोळत असो, एकमेकांले चिटकून झोपली असो, उठतात अन् नाल्याकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहतात. दादा, तो कोपरा त्यांचा हागायचा आहे. लोक डुकराले घाण म्हणतात, पण डुक्कर हागायले एकच जागा धरते, अन् तिथं कधी बसत नाही, खात नाही. चिखलात लोळते ते अंगाले घाम येत नाही म्हणून, थंडाव्यासाठी. मी त्यांले त्या कोपऱ्यात कारणाशिवाय उभं राह्यलेलं कधी पाह्यलं नाही. आता रोज सगळी तिथंच गर्दी करतात. कान उभे, तोंड नाल्याकडं. अन् तोंडानं तो बारीक हुं हुं आवाज, जो हे खाणं घेऊन यायचे तेव्हाच काढत होती. मले पाहून तसा कधीच काढत नाहीत.

मी त्या वेळी टाक्यात पाणी सोडते, मोटारीच्या घरघरीत उभी राहते अन् पाहते. बाहेर कोणीच नसते. मग जराशानं सगळी एकदम मान खाली घालून परत येतात. जसं कोणी येऊन भेटून गेलं.

यांचा निळा शर्ट अजून शेडच्या दारावर खुंटीले आहे. मी तो काढला नाही. तुम्ही शिकलेले आहात. कोणती शांत करायची ते सांगा. पाटलीण, म्हणजे यांची लाडकी मोठी मादी, दिवाळीनंतर व्यायची आहे. ती मोकळी झाली की सगळं विकून मी माहेरी दारव्ह्याले जाते.

तुमची,
राखी


कळंब
२८ ऑक्टोबर २०२४

चि. राखीस,
आशीर्वाद.

शांत विचारलीस, बरं केलंस. ग्रहांच्या शांती आहेत, नक्षत्रांच्या आहेत, घरावर घुबड बसलं तर त्याचीही आहे. पण डुकरं कोपऱ्यात उभी राहतात यावर ऋषींनी काही लिहून ठेवलेलं नाही. याचा अर्थ त्यांची डुकरंही उभी राहत असावीत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसावं.

तुझ्या जनावरांना कमी लेखू नकोस. देवभाषेत त्यांना घोणी म्हणतात, म्हणजे नाकवाला; स्तब्धरोमा म्हणतात, ज्याचे केस ताठ उभे असतात तो; आणि मला सगळ्यांत आवडतो तो शब्द, भूदार, भुई फाडणारा. देवानं एकदा बुडालेली पृथ्वी वर काढायला सिंह किंवा मोर नाही निवडला, हे मी तांड्यात सांगितलं होतं. नायक म्हणाला, "देवाले जमते. प्रेमले कायले पाह्यजे?" तिथं माझं संस्कृत संपलं.

आता विचार करू. तर्कशास्त्रात म्हणतात, डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं ओळखावं. तुझा धूर म्हणजे डुकरांचं उभं राहणं. अग्नी म्हणजे भूक. प्रेम दिवेलागणीला खाणं घेऊन त्या बाजूनं यायचा, पुलावरून. त्यांच्या पोटाला ती वेळ पाठ झाली आहे. आमच्या शाळेतली पोरं शेवटच्या तासाला घंटेकडे तोंड करून बसतात तशी. त्यांच्यात मी अजून भूत पाहिलेलं नाही, विद्याही पाहिलेली नाही.

उपाय सांगतो. आठवडाभर त्यांना दुपारीच पोटभर घाल. पोट भरलेलं असेल तर कोणी उभं राहणार नाही. राहिलं, तर मी माझं तर्कशास्त्र पाटलिणीपुढं टाकतो. ती ते तरी खाईल.

आणि शर्ट काढून धुऊन ठेव. किंवा नको, राहू दे.

इंद्रजीतदादा


तांडा, मारेगाव
१८ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादा,

तुमचं तर्कशास्त्र पाटलिणीपुढं टाका.

दुपारी घातलं. इतकं घातलं की भुईवर पसरली, उठवत नव्हतं. तरी दिवस बुडाल्यावर उठली अन् गेली. भरल्या पोटानं, मान वर करून. ती भूक नाही.

काल मोटार चालू होती अन् लाईन गेली. मोटार बंद पडली अन् एकदम सगळं शांत झालं. डुकरं कोपऱ्यातच होती. अन् दादा, मी हाक ऐकली.

नाल्याकडून आली. आधी लांब, "होऽऽय". मग थांबली. इतकी थांबली की वाटते आता येणार नाही. मग खालच्या सुरात, "आव, आव." हे डुकरांले अशीच हाक मारत होते. रोज. ती दुसऱ्या कोणाले येत नाही. मी किती करून पाह्यली, माझ्या गळ्यातून निघत नाही, म्हणून मी डब्बा वाजवते. हाक तीच होती. फक्त आवाज पातळ झालता, झिजल्यासारखा. मेल्यावर आवाज झिजत असेल का? तुमच्या शास्त्रात आहे का काही?

मी आत पळाली, दार लावलं. लाईन आली, मोटार घरघरली, मग काही ऐकू आलं नाही.

आज सकाळी उठून पाहते त कुंपण उचकटून पाटलीण गेलेली. व्यायच्या आधी मादी कळपापासून लांब जाते हे मले समजते. पण खुंटीवरचा शर्ट नव्हता. चोरायले इथं कोण येते? डुकराच्या दारात तांड्याचं कुत्रंबी येत नाही. तो शर्ट कोण घालून गेलं, दादा?

बाबारावले निरोप देला आहे. शुक्रवारी टेम्पो घेऊन येते. पाटलीण सापडली तर सापडली. मी इथं राहत नाही.

राखी


कळंब
१९ नोव्हेंबर २०२४
(मारेगावच्या जीपवाल्याच्या हाती)

चि. राखी,

तुझं पत्र तू जीपवाल्याकडे दिलंस हे बरं झालं. मी हे लगेच त्याच्याच हाती परत देतो आहे. आज पहिल्यांदा वाटलं की रीत गेली खड्ड्यात, सरळ फोन करावा. फोन हातात घेतला, खाली ठेवला. तुझ्या सासूबाईंसाठी ठेवला. फोनवर बोललेलं तांडाभर होतं, आणि पुढचं त्यांच्याविषयी आहे.

तू ती हाक अक्षरात लिहिलीस. मी वाचली आणि नकळत मोठ्यानं म्हटली. माझ्या अंगावर काटा आला. स्तब्धरोमा म्हणजे काय ते अनुभवानं कळलं.

राखी, ती हाक प्रेमची नाही.

आम्ही लहान होतो तेव्हा दिवसभर बकऱ्या घेऊन माळावर असायचो. दिवस बुडताना तांड्याच्या कडेला आयांची रांग लागायची आणि एकेक हाक सुटायची. नाव कोणी घेत नसे. लेकरागणिक हाक निराळी, अंधार पडल्यावर कानांनी आपापलं घर ओळखायचं. माझ्या आईची हाक आखूड, तुटक, छडीसारखी. मानीकाकीची लांब. मग मधे ती थांबायची. आम्ही प्रेमला चिडवायचो, "तुही याडी झोपली काय रे?" आणि मग खालून यायचं, "आव, आव." ते आलं की हा हातातलं बोरसुद्धा टाकून उठायचा. मी पुष्कळदा पाहिलं आहे. कान उभे करूनच उठायचा.

पुढं त्यानं डुकरं आणली. त्यांना बोलवायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार होतं? बोलावणं म्हणजे काय, हे तो एकाच माणसाकडून शिकला होता. तिनं चूल बंद केली, बोलणं बंद केलं. हाक त्याच्याकडेच राहून गेली.

ही हाक दोनच गळ्यांना येत होती. एक गळा गेला. दुसरा नाल्यापलीकडे राहतो, म्हातारा झाला आहे, म्हणून पातळ वाटला. डुकराचे कान तिखट. तुझ्या मोटारीच्या घरघरीतूनही त्यांना ऐकू येत होतं. तुला नव्हतं. धूर तू बरोबर पाहिलास, अग्नी मी चुकीचा सांगितला.

एक संध्याकाळ मोटार लावू नकोस. नाल्यावर जा. मागून ओरडू नकोस, आधी नुसती पाहा. बाबारावचा टेम्पो शुक्रवारी आहे, त्याच्या आत जा.

शर्टाचं मला सांगता येत नाही.

इंद्रजीतदादा


तांडा, मारेगाव
२५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय दादा,
नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी मोटार लावली नाही. नाल्याकाठच्या सिंदीच्या झुडपामागं बसली. उजेड होता अजून. याडी आल्या. हातात काठी. ज्या दगडाखाली तुमचं पत्र ठेवलं होतं, त्या दगडापाशी थांबल्या, शेडकडं कान देऊन वाट पाह्यली, शेवटी काठी काखेत धरून तोंडाभोवती हात धरले अन् हाक मारली.

कुंपणाआतून डुकरांनी ओ देली. अन् एक ओ माझ्या अगदी बाजूनं आली. मी वळून पाह्यलं. सिंदीच्या बुडाशी पाटलिणीनं भुई उकरून खड्डा केलता. त्यात वाळलं गवत, पऱ्हाटीच्या काड्या, सगळं तोंडानं वाहून आणलेलं. माद्या असं करतात, व्यायच्या आधी त्यांले घरटं लागते. मऊ दिसलं ते उचलतात. सगळ्यात वर यांचा निळा शर्ट. त्याच्या बाहीवर पिल्लं झोपली होती. शर्ट कोण घालून गेलं म्हणून मी दोन दिवस देवाचं नाव घेत होती.

मी उभी राह्यली. याडी दचकल्या नाहीत. म्हणे, "मोटार काहून बंद ठेवली?"

म्हणजे त्यांले ठाऊक होतं. रोज मोटार सुरू झाली की मगच त्या हाक मारत होत्या. मले ऐकू जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "कोणाले बलावता, याडी?"

"कोणाले म्हंजे? येकच त होता."

मग आपणहून सांगू लागल्या. "मी पह्यल्यांदा रडायलेच आलती. तोंडातून हाक निघून गेली. अन् हे सारे उठून आले. तईपासून रोज येते. यायनं खाल्लं त्याले. म्हून त्यायच्या पोटातून ओ देते तो."

दादा, किती दिवस ही बाई अशी येत होती, अन् हेच ऐकून घरी जात होती.

मी म्हटलं, "याडी, त्यांले ही हाक समजते. हे रोज संध्याकाळी अशीच मारत होते. डुकरांले बलावायले."

"कोनती?"

"हीच. तुमची."

त्यांनी काठी भुईत रोवली. मग म्हणे, "रोज?"

"रोज. तुम्ही नाल्यापलीकडं स्वयंपाक करत असाल त्याच वेळी."

"आयकू कसं नाही आलं मंग मले?"

याचं उत्तर माझ्यापाशी होतं. यांची मोटारबी त्याच वेळी चालू राहत होती. पण ते मी बोलली नाही.

मी शर्ट काढायले वाकली त याडीनं काठी आडवी धरली. "राहू दे. लेकरायखालचं काढू नोको." मग तिथंच बसल्या, पिल्लांकडं पाहत. पिल्लू जन्मल्यावर भांडून आपलं थान ठरवून घेते अन् मग तेच धरते, दुसऱ्याचं घेत नाही. एक मरतुकडं सारखं मागं पडत होतं. याडीनं काठीच्या टोकानं त्याले पुढं सरकवलं. हातानं नाही. म्हणे, "याले याची जागा सापडली नाही वाटते."

शुक्रवारी बाबाराव आला. याडी दगडावर बसून होत्या. म्हणे, "पाटलीण उठत नाही तवरक कोनी कुंपणाले हात लावाचा नाही."

बाबाराव म्हणे, "मावशी, तुम्ही त डुकराची सावली घेत नव्हता."

"सावली आताबी घेत नाही. बाजूनं बसली हाव, दिसत नाही काय तुले?"

तो टेम्पो रिकामा घेऊन गेला. संक्रांतीनंतर येतो म्हणाला. मी हो म्हटलं. दारव्ह्याले जायचं अजून मनात आहे. भेव गेलं, पण इथं राहायचं कोणासाठी ते ठरलं नाही.

तुमची,
राखी


कळंब
४ डिसेंबर २०२४

चि. राखीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वर्गात विभक्ती शिकवायला गेलो. संबोधन, म्हणजे हाक मारायची विभक्ती, आली तेव्हा तास लवकर सोडला. पोरांनी मला दीर्घायुष्य चिंतलं असणार.

मोटारीचं काकीला सांगितलं नाहीस, ते योग्य केलंस. काही उत्तरं बरोबर असतात म्हणून द्यायचीच असं नाही. हे एक शिक्षक सांगतो आहे, तेव्हा जपून ठेव.

विकायचं की नाही यात मी पडत नाही. जेठानं बोलू नये अशा गोष्टींत टपालानंही बोलू नये. फक्त विचारतो: तू गेल्यावर त्या दगडाशी उभं राहून काकीनं कोणाला हाक मारायची? मी तिच्यासाठी गावातली कुत्री पाळली तरी ती ओ देणार नाहीत. त्या मरतुकड्याला थान सापडलं का ते कळव.

इंद्रजीतदादा


तांडा, मारेगाव
८ जानेवारी २०२५

आदरणीय दादा,
नमस्कार.

मरतुकड्याले जागा सापडली. शेवटची, सगळ्यात कमी दुधाची. पण ती त्याची आहे, कोणी घेत नाही.

याडीले खोकला धरला आहे. मारेगावच्या डॉक्टरनं थंडीत बाहेर निघू नका म्हटलं. मी दोन्ही वेळ भाकर घेऊन नाल्यापलीकडं जाते. पह्यले दोन दिवस त्यांनी खाल्ली नाही, "हात धुतले काय?" म्हणे. मी म्हटलं धुतले. "कोपरापर्यंत?" कोपरापर्यंत. मग खाल्ली.

हे लिहायचं कारण कालचं. दिवस बुडून राह्यलता अन् मी याडीच्या घरात त्यांच्या उशाशी बसली होती. मोटार बंदच होती, आता मी त्या वेळी लावतच नाही. याडी दिवसभर उठल्या नव्हत्या, डोळे मिटलेले. आवाज त्यांचा इतका बसला आहे की पाणी मागायलेबी हात हलवतात.

अन् नाल्यापलीकडून डुकरं उठल्याचा आवाज आला. मी ओळखते आता. आधी पाय, मग तो बारीक हुं हुं. सगळी कोपऱ्यात जमल्याचा.

याडीनं डोळे उघडले. माझ्याकडं पाह्यलं. घशातून कसंबसं म्हणे, "मी नाही बलावलं."

मी म्हटलं, "नाही, याडी."

आम्ही दोघी ऐकत राह्यलो. दुसरं काही ऐकू आलं नाही, दादा, मी खोटं सांगत नाही. नुसती डुकरांची ओ. मग जराशानं तीबी थांबली, मान खाली घालून परत गेली असतील. याडीनं माझा हात धरला. धुतला की नाही ते विचारलं नाही.

बाबारावले आज निरोप देला, येऊ नको म्हणून.

ही सवय असेल, हे मलेबी सुचते. तुम्हाले त्याहून चांगलं सुचेल. पण घाई नाही.

तुमची,
राखी


कळंब
११ जानेवारी २०२५

चि. राखीस,
आशीर्वाद.

उत्तर मला येतं. अर्ध्या कार्डावर मावेल एवढंच आहे. लिहिलं होतं, मग त्याच कार्डावर चहाचा कप ठेवला.

डोंगरावर धूर दिसतो आहे, एवढं मी मान्य करतो. पुढचं या वेळी सांगत नाही.

संक्रांतीला काकीला पाहायला येतो. तू पदर ओढून गप्प राहशील, मी पाठ करून नाल्याकडे तोंड करून उभा राहीन. रीत मोडणार नाही. काकीपुढं तिची ती हाक एकदा मारून पाहावी असं मनात येतं. गळा साथ देईल असं वाटत नाही. नाहीतर तूच मार. हाक जेठाशी बोलण्यात धरत नाहीत, मी नायकाला विचारून घेतलं आहे. त्यानं कपाळावर हात मारला, म्हणजे संमती समजायची.

तोवर मोटार बंद ठेवत जा.

इंद्रजीतदादा